हिरवे बटण दाबू नये

एखादी संस्था किती सुसंस्कृत आहे, हे ती आपल्या तक्रारी किती काळ जपून ठेवते यावरून ओळखावे. या कसोटीवर कर्वेनगरमधली आमची ‘अनुष्टुभ’ सहकारी गृहरचना संस्था शहरातल्या पहिल्या पाचांत सहज यावी. (पहिली का नाही, याबद्दल एक तक्रार नोंदलेली आहे.)

चार इमारती, एकशे बारा घरे आणि १९९८ पासूनच्या सव्वीस तक्रारवह्या, असा आमचा संसार. संस्थेचे बाकीचे नियम भांडून भांडून मंजूर झाले. एकमताने मंजूर झालेला नियम एकच, चौदावा: ‘तक्रारदाराने आपले समाधान झाल्याचे लेखी कळवल्याखेरीज कोणतीही तक्रार निकाली काढू नये, नष्ट करू नये व जागची हलवू नये.’ त्या सभेला मी होते, आणि हात वर करणारी पहिली मीच. नववा नियम तर माझ्याच सूचनेवरून आला: ‘कर्मचाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार आल्यास त्या कर्मचाऱ्याने ते काम आधी ताबडतोब करावे; तक्रार खरी की खोटी, याची चौकशी नंतर सवडीने करावी.’

ही अक्कल मला नोकरीतून आलेली. मी एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर होते. फोन बंद पडला की लोक शेजाऱ्याच्या फोनवरून आमच्याकडे ओरडत. मी निळ्या कार्डावर नंबर लिहायचा, कार्ड लाइनमनकडे जायचे, आणि लाइनमन खांबावरून उतरला की मी त्या घरी फोन लावून विचारायचे, “ऐकू येतंय का?” पलीकडून “येतंय” आले की कार्ड बंद. तुमचे समाधान झाले का, असे आम्ही एकतीस वर्षांत एकदाही कोणाला विचारले नाही. विचारले असते तर नुसती कार्डे ठेवायला दुसरी इमारत बांधावी लागली असती.

हे सगळे आधी सांगायचे कारण, आमच्या सोसायटीत मध्यंतरी एक यंत्र बिघडले. ते यंत्र अस्तित्वात नव्हते.

आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतून चारही इमारतींना पाणी सोडायचे काम कोंडीराम करतो. बावीस वर्षे करतो आहे. हातात लोखंडी चावी, उभी धरली तर त्याच्या छातीला लागेल एवढी. सकाळी सहाला तो अ इमारतीचा व्हॉल्व्ह उघडतो, मग ब, मग क, मग ड. पंपाशेजारच्या खोलीत तो, त्याची बायको आणि मुलगी दीपमाला राहतात. दीपमाला तेव्हा बारावीला होती. फेब्रुवारीत परीक्षा.

क इमारतीत सातव्या मजल्यावर शौनक राहतो. हिंजवडीला नोकरी, स्वभावाने परोपकारी. (या दोन गोष्टी एका माणसात आल्या की सोसायटीने सावध व्हावे.) त्याने सुचवले की सोसायटीचा सगळा कारभार एका व्हर्च्युअल मशीनवर नेऊ. व्हॉल्व्हना मोटारी बसवू, त्यांना हुकूम ते मशीनच देईल. हे म्हणजे काय, ते त्याने मला माझ्या स्वयंपाकघरात बसून समजावले. मी पोहे केले होते.

“काकू, कुठेतरी एक खरं मशीन असतं.”

“कुठे?”

“ते आपल्याला माहीत नसतं. माहीत असायची गरज नाही.”

“बरं.”

“त्याच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेलं आणखी एक मशीन. म्हणजे ते आहे, पण त्याला हात लावता येत नाही. आणि त्याच्या आत कंटेनर. तुम्ही डबे समजा. एका डब्यात एक काम. शेजारच्या डब्यात काय चाललंय ते कुठल्याच डब्याला कळत नाही.”

“पण जागा सगळ्यांत मिळून एकच?”

“हो. डिस्क एकच.”

“मग ही आपली सोसायटीच की रे.”

त्याने पोह्यांतली मिरची बाजूला काढली. “फरक आहे, काकू. डबे भांडत नाहीत.”

पुढे जे घडले त्याचे मूळ या एका वाक्यात आहे.

डबे चार केले. एक फाटकाचा, एक सूचनांचा, एक पाण्याचा आणि एक तक्रारींचा. चौदाव्या नियमाचा मान राखून शौनकने सव्वीसच्या सव्वीस वह्या स्कॅन करून तक्रारींच्या डब्यात भरल्या, त्याही रंगीत, कारण काही सभासदांनी महत्त्वाचे शब्द लाल शाईने लिहिले होते आणि काळ्यापांढऱ्या प्रतीत त्यांचा राग उतरत नव्हता. प्रत्येक तक्रारीखाली एक हिरवे बटण दिले, ‘समाधान झाले’. तक्रारदाराने ते आपल्या मोबाइलवर दाबले की तक्रार निकाली, आणि तिची जागा मोकळी.

या निमित्ताने प्रथमच मोजदाद झाली. एकूण तक्रारी अकरा हजार तीनशे चाळीस. पाणी उशिरा आल्याच्या अडतीस टक्के, पाणी लवकर आल्याच्या एकवीस टक्के, दुसऱ्याच्या तक्रारीतल्या भाषेबद्दल नऊ टक्के, उरलेल्या संकीर्ण. (एक तक्रार ‘संकीर्ण’ या वर्गवारीबद्दल आहे.) नाव घेऊन कोंडीरामविरुद्ध केलेल्या तक्रारी सहाशे चौदा. त्यांतल्या सदतीस माझ्या. पहिली २००३ सालची: ‘पाणी सहा वाजता न येता सहा वाजून चार मिनिटांनी आले.’ माझे घड्याळ एक्स्चेंजच्या घड्याळाशी लावलेले असे, त्यामुळे त्या चार मिनिटांबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

सहाशे चौदा हा आकडा पाहून अध्यक्ष सुदर्शन अभ्यंकर यांनी ठराव आणला. अभ्यंकर सरकारी खात्यात मसुदे लिहून निवृत्त झाले. त्यांच्या मसुद्यात पळवाट राहत नाही. राहिलीच तर ती त्यांच्यासाठी असते. ठराव असा: ‘व्हॉल्व्हना मानवी हात न लागता यंत्र सलग तीस दिवस चालू राहिल्यास श्री. कोंडीराम यांची सेवा समाप्त करावी व खोली रिकामी करून घ्यावी.’

यंत्र पंचवीस दिवस उत्तम चालले. सहा म्हणजे सहा. त्या पंचवीस दिवसांत मला तक्रार करायला काही सापडले नाही आणि माझी तब्येत थोडी बिघडली. सव्विसाव्या दिवशी, सोमवारी, पाणी आले नाही.

दोष शोधण्याची शास्त्रीय पद्धत फार सुंदर आहे, आणि ती इतर खात्यांनीही स्वीकारावी असे मला वाटते. पहिली पायरी: यंत्र बंद करून परत चालू करणे. शौनकने हे कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाइलवरून चौदा वेळा केले. दुसरी पायरी: यंत्र स्वतःबद्दल काय लिहिते ते वाचणे, कारण ही यंत्रे दर सेकंदाला रोजनिशी लिहितात. पाण्याच्या डब्याने सकाळपासून एकच वाक्य लिहिले होते, ‘जागा शिल्लक नाही’. ते लिहून तो मरत होता, चार सेकंदांनी आपोआप जिवंत होत होता, तेच वाक्य लिहून पुन्हा मरत होता. तक्रारींच्या डब्याने चौघांची सगळी जागा खाल्ली होती.

शौनकने संध्याकाळी घरी आल्यावर डब्यांच्या जुन्या, वापरात नसलेल्या आवृत्त्या खरवडून काढल्या आणि थोडी जागा केली. मंगळवारी सकाळी पाणी आले. अकरा मिनिटे. झाले होते असे, की सोमवारी लोकांनी पाणी नसल्याच्या तक्रारी पाठवल्या होत्या, पुराव्यादाखल कोरड्या नळाच्या फोटोंसह. (ब इमारतीतून न वाहणाऱ्या नळाची दोन मिनिटांची चित्रफीत आली होती.) जागा नसल्यामुळे त्या सगळ्या दाराशी तिष्ठत उभ्या होत्या. सकाळी सगळे मोबाइल जागे झाले, आणि केलेल्या जागेत त्या एकदम घुसल्या. जागा संपली, पाण्याचा डबा मेला. पाणी गेल्यावर लोकांनी पाणी गेल्याचे फोटो काढले.

“जागा वाढवता येत नाही का?” मी शौनकला विचारले.

“दोन मिनिटांचं काम आहे, काकू.”

“मग?”

“सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. चौदा दिवसांची नोटीस.”

“आणि तक्रारी दुसरीकडे हलवल्या तर?”

“चौदावा नियम. जागची हलवू नये.” तो माझ्याकडे बघत राहिला. “काकू, हा नियम कोणी केला हो?”

मी त्याला आणखी पोहे वाढले.

इकडे दोष-निवारण उपसमिती बसली. (सदस्य पाच, सरासरी वय एकाहत्तर.) त्यांनी काढलेला निष्कर्ष मी मुद्दाम उतरवून ठेवला आहे. ठरावात यंत्र ‘चालू राहिल्यास’ असे म्हटले आहे. पाणी आल्यास असे म्हटलेले नाही. दर चार सेकंदांनी जिवंत होणारे यंत्र बंद आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही. सबब सव्विसावा आणि सत्ताविसावा दिवस धरण्यात यावेत. मात्र कोंडीरामने चावी लावल्यास मानवी हात लागेल आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी लागेल. सबब त्याने चावी लावू नये. आणखी तीन दिवस एकशे बारा घरांनी पार्किंगमधल्या बोअरच्या नळावरून बादल्या वाहिल्या, की पाणी सोडण्याचे काम यंत्र समर्थपणे करते हे सिद्ध होणार होते.

बुधवारी सूचना निघाली: ‘सर्व सभासदांनी आपापल्या किमान दहा जुन्या तक्रारींवर समाधान झाल्याचे बटण दाबून सहकार्य करावे.’ सातशे तक्रारी निकाली निघाल्या तरी यंत्र नीट चालले असते. दुपारपर्यंत दाबलेली बटणे: शून्य. अभ्यंकरांना मी जिन्यात गाठले.

“अहो, तुमच्या तरी दहा दाबा.”

“माझं व्यक्तिशः समाधान आहे हो,” ते म्हणाले. “पण ते लेखी द्यायचं म्हणजे उद्या पुरावा होतो.”

ड इमारतीतल्या एकांनी सांगितले की २००९ सालची त्यांची गळती थांबली हे खरे, पण थांबायला तीन पावसाळे लागले. तेव्हा गळती थांबल्याचे समाधान आहे, तीन पावसाळ्यांचे नाही, आणि बटण तर एकच आहे. चिटणीस उत्कर्षाने ‘अंशतः समाधान’ असे दुसरे बटण सुचवले. शौनक म्हणाला, त्याला जागा लागेल.

त्याच दुपारी, एक ते चारच्या मध्ये, दारावरची बेल वाजली. या वेळात बेल वाजवण्याचे धाडस सोसायटीत एकच माणूस करतो. कोंडीराम माझ्या दोन बादल्या घेऊन उभा होता.

“बोअरचं हाय, बाई. प्यायला घेऊ नका.”

“ठेव. चहा घे.”

तो दारातच टेकला. चावी बरोबर नव्हती. हात मोकळे ठेवायची सवय नसल्यामुळे तो ते गुडघ्यांवर पालथे ठेवून बसला होता.

“त्यात सदतीस तुमच्या हायत म्हणं,” तो म्हणाला.

“आहेत. सगळ्या खऱ्या आहेत.”

“खऱ्या तर हायतच. मी कुठं न्हाई म्हनतो.” त्याने चहा बशीत ओतला. “पर बाई, एक इचारायचं हुतं. ते हिरवं बटन तुमी दाबनार हाय का?”

मी त्या क्षणापर्यंत दाबणार होते. खोटे कशाला सांगू, दीपमालाची परीक्षा माझ्या डोक्यात होती. सदतीस तक्रारी मागे घेतल्या तर त्याच्या नावावरचा डाग तेवढा फिका होईल, असा माझा हिशेब. एकतीस वर्षे बिघाड शोधण्यात गेलेली बाई मी. मी म्हटले, “दाबते बाबा. तुझ्यासाठी दाबते.”

“दाबू नका.”

“का रे?”

“तुमी दाबलं की मागनं बाकीची दाबनार. जागा हुनार. जागा झाली की मशीन चालनार.” त्याने बशी खाली ठेवली. “मशीन चाललं की माझ्यावर तक्रार कशाची? मंग मी गेलो. पोरगी परीक्षेला काय रस्त्यावर बसून अभ्यास करनार?”

हिंजवडीहून शौनक, मुंबईकडून का कुठून ते खरे यंत्र आणि एकाहत्तर सरासरीची उपसमिती, या सर्वांना जे दिसले नव्हते ते या माणसाने बशीभर चहात सांगून टाकले होते.

“त्या सदतीस हायत तशा ऱ्हाऊ द्या,” तो उठताना म्हणाला. “जमलं तर अडतिसावी करा.”

गुरुवारी, एकोणतिसाव्या दिवशी, पार्किंगमध्ये सभा भरली. अभ्यंकर म्हणाले, आता फक्त उद्याचा दिवस. शौनक म्हणाला, निदान आज तरी कोणीतरी बटण दाबा, सत्तर जणांनी दहा-दहा बटणे दाबली तर पाणी सुरू होईल. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. “आधी आपण.” “छे, आपण ज्येष्ठ.” कोंडीराम पंपाच्या दाराशी उभा होता. त्या क्षणी एखाद्याने उठून नुसते म्हटले असते, की अहो, माणूस बावीस वर्षे पाणी सोडतोय, बरं काम करतोय, राहू द्या त्याला, तर ठराव, यंत्र, डबे, सगळेच तिथे मिटले असते. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलेही होते. पण भर सभेत एखाद्याला बरे म्हणण्याची मला सवय नाही, आणि वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी नवीन सवयी लावून घेऊ नयेत असे डॉक्टर म्हणतात.

मी उठले आणि उत्कर्षाच्या हातात कागद दिला. यंत्रात जागा नसल्यामुळे तक्रार हाताने लिहिली होती. तिने वाचली: “‘पाणी सोडणारे कर्मचारी श्री. कोंडीराम हे कामावर हजर असून, त्यांच्याकडे चावी असून, चार दिवस पाणी सोडत नाहीत. नववा नियम पाहावा.’”

नववा नियम पाहण्यात आला. अभ्यंकरांनी तो दोनदा पाहिला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिला. कर्मचाऱ्याने काम आधी ताबडतोब करावे.

“अहो बाई, पण मोजणी एकोणतीसवर आलीये,” ते म्हणाले.

“माझी तक्रार लेखी आहे,” मी म्हटले.

“तुम्हाला कळतंय ना, उद्याच्या एका दिवसासाठी—”

“नियमात ‘ताबडतोब’ आहे. तो शब्द तुमचाच. मी ‘लवकर’ सुचवला होता.”

अभ्यंकरांनी स्वतःच्या शब्दाचा मान राखला. कोंडीरामला चावी लावण्याचा लेखी हुकूम झाला, दोन मिनिटांत वरच्या पाइपांतून आवाज आला, आणि सभा बादल्या भरायला पळाली. गणपूर्ती मोडली, तेव्हा डिस्क वाढवण्याचा विषय निघाला नाही. संध्याकाळपर्यंत तक्रारवहीच्या कागदांवर एकसष्ट तक्रारी आल्या: पाणी पूर्वसूचना न देता आले.

मोजणी एकपासून सुरू झाली.

याला आता तीन महिने होत आले. डिस्क वाढवण्याच्या सभेला अजून गणपूर्ती झालेली नाही. शौनक दर महिन्याला थोडी जागा खरवडून देतो, यंत्र पंचवीस-सव्वीस दिवस चालते आणि मग भरते. ते भरावे म्हणून मी माझ्यापरीने झटते. मुलाने पाठवलेल्या मोबाइलमध्ये फोटो अतिशय मोठा काढण्याची एक सोय आहे. नळाचा एक, बादलीचा एक, घड्याळाचा एक. शौनकने एकदा विचारले, “काकू, एका थेंबाचा फोटो एवढा मोठा कशाला?” मी म्हटले, थेंबावर धूळ होती, ती दिसावी म्हणून. त्याने माझ्याकडे पाहिले, पंपाच्या खोलीकडे पाहिले, आणि फोटोंवर मर्यादा घालण्याचे त्याच्या यादीत होते, ते त्याने पुढच्या वर्षावर टाकले. यंत्र भरले आणि पाणी थांबले की अठ्ठाविसाव्या दिवशी मी हाताने लिहिलेली तक्रार देते आणि अभ्यंकर नववा नियम पाहतात. माझ्या तक्रारी आता एकशे बारा झाल्या. कोंडीरामच्या नावावर नऊशे दोन. एवढ्या तक्रारी असलेला कर्मचारी शहरात दुसरा नसेल, आणि एवढी पक्की नोकरीही. दीपमालाचे पेपर झाले. ती म्हणते, गणित बरे गेले.

परवा माझी मैत्रीण आली होती. सगळे ऐकून ती म्हणाली, एवढी उठाठेव करण्यापेक्षा माणूस चांगला आहे एवढे एकदा सरळ म्हणून टाकायचे होतेस. वाचताना तुमच्याही मनात हेच आले असणार. बरोबरच आहे. तुमच्याकडेही रोज सकाळी नळाला पाणी येते. ते कोण सोडते, त्याचे नाव सांगा बघू.

आठवत नसेल तर निदान एक तक्रार करा. तिच्यात नाव घालावे लागते.